कान ठीक, मग वाचताना का अडतं?

प्रश्न : मुलगा चौथीत, कानाची टेस्ट नॉर्मल. तरी 'कपाट'मधला 'क' काढला तर काय उरतं विचारलं की गप्प. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखन शिकण्यातली अडचण, सांगितलाय. नेमकं अडतं कुठं?
– एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, ऐकू नीट येतं हो, पण ऐकलेल्या शब्दाचे तुकडे पाडून ते अक्षराला जोडायचं काम मेंदूच्या डाव्या बाजूला चालतं, तिथं जरा अडतं. २०१६ साली अमेरिकेत एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांना दिसलं की तोच आवाज परत परत कानावर पडला की इतरांचा मेंदू सरावतो, डिस्लेक्सियावाल्यांचा तेवढा नाही सरावत, जणू दरवेळी नवंच. बुद्धीचा संबंध नाही, 'आळशी' म्हणणाऱ्या पाहुण्यांना चहा पाजून वाटेला लावा. रोज थोडा वेळ शब्द फोडा-जोडायचा खेळ घ्या, आणि डिस्लेक्सियाचं सर्टिफिकेट काढून ठेवा, दहावीला जादा वेळ मिळतो.