बापावर गेलाय

सविताताई माझ्याकडे समुपदेशनासाठी पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या मांडीवर भाजीची कापडी पिशवी होती. बोलताना दोन्ही हातांनी ती घट्ट धरलेली. पंधरा-वीस मिनिटांनी त्यांनी ती उघडली. आत पेपरात गुंडाळलेला कोयता होता. मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, पात्यावर काळपट डाग.

"घाबरू नका ताई, शहाळ्याच्या पाण्याचे डाग आहेत. माझ्या भावाची शहाळ्याची गाडी आहे, त्याचाच जुना कोयता. पोराच्या गादीखाली सापडला. घरात ठेवायची भीती वाटली, टाकून द्यायची त्याहून जास्त. म्हणून बसमधून तसाच घेऊन आले."

आणि मग ज्यासाठी आल्या होत्या ते विचारलं. "याचा बाप ३०७ मध्ये, खुनाच्या प्रयत्नाच्या केसमध्ये, येरवड्याच्या जेलात आहे. सासूबाई उठता-बसता म्हणतात, पोरगा बापावर गेलाय. आता रक्तातच असेल तर मी काय करणार?"

मुलाला आपण रोहन म्हणू. दोघांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत, आणि दोघांना विचारूनच हे लिहिते आहे. लिहावंसं वाटलं, कारण हा प्रश्न फक्त सविताताईंचा नाही. गेल्या काही वर्षांत पुण्यात पेपर उघडला की कोयत्याची बातमी असते, आणि आरोपी अल्पवयीन असतो. पर्वती पायथ्याच्या वस्तीतल्या आईला जी धास्ती वाटते तीच कोथरूडच्या सोसायटीतल्या आईला वाटते. फक्त कोथरूडची आई 'रक्त' न म्हणता 'जीन्स' म्हणते.

त्या दिवशी आधी कोयत्याचं बघितलं. असं हत्यार जवळ बाळगून फिरणं हा गुन्हा आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. मी त्यांच्यासमोरच त्यांच्या भावाला फोन लावला. तो तासाभरात येऊन त्याची वस्तू घेऊन गेला. जाताना त्याने मुलाला एक शब्द बोलायचा नाही, हात तर अजिबात उगारायचा नाही, एवढं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं. घरात हत्यार सापडलं की बहुतेक घरांत पहिली प्रतिक्रिया मारण्याची असते. ती समजते मला. पण हत्यार जवळ ठेवणारा मुलगा बहुतेकदा आधीच कशाला तरी घाबरलेला असतो, आणि मार बसला की ती भीती खरी ठरते.

रोहन पंधरा वर्षांचा, दहावीत. पहिल्या दिवशी आत आला आणि खुर्ची उचलून भिंतीला टेकवून ठेवली. पाठ भिंतीकडे, तोंड दाराकडे. चाळीस मिनिटांत जेमतेम दहा वाक्यं बोलला असेल. शाळेत त्याने दोन मोठी भांडणं केली होती, दुसऱ्यात एका मुलाचं नाक फुटलं होतं. कारण विचारलं तर म्हणाला, "खुन्नस देत होता."

मी माझ्या यादीतले प्रश्न हळूहळू विचारून घेतले. मुक्या जनावरांना त्रास देतो का, आगी लावल्यात का, लहान मुलांवर जबरदस्ती केली आहे का, समोरच्याला लागल्यावर पोटात काही होतं का. ही उत्तरं वाईट आली असती तर माझा पुढचा रस्ता वेगळा असता. ती वाईट नव्हती. गल्लीतल्या एका लंगड्या कुत्रीला तो रोज घरची एक पोळी घालत होता, आणि नाक फुटलेल्या मुलाच्या घरासमोरून जाताना रस्ता बदलत होता. 'का बदलतोस' याचं उत्तर त्याने दिलं नाही, पण कान लाल झाले. लाज वाटते आहे म्हणजे धागा तुटलेला नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडेही एकदा पाठवलं, लहानपणी डोक्याला मार लागला होता म्हणून. तिथून चिंता करण्यासारखं काही आलं नाही.

आता सविताताईंच्या प्रश्नाकडे वळते. रक्ताचा काहीच संबंध नाही, असं मी त्यांना सांगितलं नाही, कारण ते खोटं ठरलं असतं. भडकू स्वभाव, धोक्याची भीती कमी असणं, मनात आलं की करून मोकळं होणं, यात अनुवंशिकतेचा वाटा असतो. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा अभ्यास आजही चालू आहे. त्यातून २००२ साली एक गोष्ट पुढे आली. 'एमएओए' नावाच्या जनुकाचा एक प्रकार असलेली जी मुलं लहानपणी मारझोडीत वाढली, त्यांच्यात पुढे हिंसक वागण्याचं प्रमाण जास्त दिसलं. तोच जनुक-प्रकार असलेली, पण मारझोड न झालेली मुलं इतरांसारखीच निघाली. मी सविताताईंना एवढंच म्हटलं, "बी असेलही ताई. पण बी नुसतं पडून उगवत नाही."

त्याच अभ्यासाच्या आधाराने टेरी मॉफिट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९३ साली दोन वाटा वेगळ्या करून दाखवल्या. काही थोडी मुलं अगदी बालवाडीच्या वयापासून आक्रमक असतात आणि मोठेपणीही तशीच राहतात. पण बहुसंख्य मुलं तेराव्या-चौदाव्या वर्षी बिघडल्यासारखी वागतात आणि विशीच्या आसपास त्यातून बाहेर येतात. बाहेर यायला त्यांना एकच अडचण येते. त्या चार-पाच वर्षांत हातून असं काही घडलेलं असतं की परतीचा रस्ताच उरत नाही. केस, व्यसन, सुटलेली शाळा, कुणाचा तरी गेलेला जीव. म्हणून या वयात मुलाला 'सुधारण्या'पेक्षा 'निभावून नेणं' मला महत्त्वाचं वाटतं.

पुण्यात रक्ताची ही समजूत इतकी पक्की कशी, याचं मला नवल वाटतं. जोशी-अभ्यंकर हत्याकांड ऐकलं नसेल असं इथलं जुनं घर सापडणार नाही. १९७६-७७ मध्ये दहा खून करणारी ती मुलं टिळक रस्त्यावरच्या कला महाविद्यालयात शिकत होती. पहिला बळी त्यांच्याच वर्गातला मुलगा होता. त्या प्रकरणाबद्दल वाचताना मला दर वेळी रक्त नाही, टोळी दिसते. एकट्याने कदाचित कुणीच जे केलं नसतं, ते चौघांच्या नजरेसमोर केलं जातं.

तिसऱ्या-चौथ्या भेटीत रोहन बोलायला लागला, तेही बाबांच्या स्कूटरवरून.

"स्टँड लावायचा आवाज यायचा खाली," तो म्हणाला. "एका झटक्यात लागला तर काही नाही. दोन-तीनदा घासला, की मी ताईला घेऊन मोरीत जाऊन बसायचो."

सहा-सात वर्षांचा होता तेव्हा. पत्र्यापलीकडून येणाऱ्या लोखंडाच्या आवाजावरून बाप किती प्यायलाय हे त्याला कळत होतं. पुढे पावलं, मग कडी, मग चेहरा. दार उघडल्यावर पहिल्या क्षणात त्याला ओळखावं लागायचं की आज मार आईला पडणार, की आपल्याला. मी त्याला म्हटलं, "तू हुशार होतास. त्या हुशारीने तुम्ही दोघं वाचलात." त्याने मान वर करून बघितलं. हे त्याला आधी कुणी म्हटलं नव्हतं.

या हुशारीचीच पुढे अडचण होते. अमेरिकेतल्या सेथ पोलॅक यांच्या प्रयोगांत असं दिसलं की घरात मार खाल्लेली मुलं अर्धवट, अस्पष्ट चेहऱ्यातूनही राग इतर मुलांपेक्षा लवकर ओळखतात. त्याच्या आधी, १९८० साली, केनेथ डॉज यांनी शाळकरी मुलांवर एक साधा प्रयोग केला होता. मुलाने जुळवत आणलेलं कोडं दुसऱ्या मुलाकडून मोडतं. मुद्दाम की चुकून, ते स्पष्ट नसतं. शांत मुलं ते चुकून झालं असं धरून चालली. आक्रमक मुलांनी ते मुद्दाम केलं असंच धरलं आणि बदला घेतला. पण जिथे हेतू स्पष्ट होता तिथे दोन्ही प्रकारच्या मुलांच्या वागण्यात फारसा फरक नव्हता. सगळा घोळ त्या 'स्पष्ट नसलेल्या' जागेत होता.

आपल्याकडे त्या जागेला नाव आहे: खुन्नस. 'रागाने का बघतो' एवढ्यावरून वार, अशा बातम्या आपण वाचतो आणि म्हणतो, इतक्या क्षुल्लक कारणावरून? करणाऱ्याच्या लेखी ते क्षुल्लक नसतं. त्याच्या अंगात सहाव्या वर्षीची घंटा वाजलेली असते. बसस्टॉपवरच्या परक्या पोराच्या डोळ्यांत त्याला दार उघडणारा बाप दिसतो. आणि आता तो सहा वर्षांचा नसतो. यामुळे गुन्ह्याची जबाबदारी हलकी होत नाही, जखमी झालेल्या मुलाचं दुःख तर मुळीच कमी होत नाही. पण कुठे हात घालायचा हे कळतं.

मी रोहनला एक काम दिलं. मामाबरोबर स्वारगेटला जायचं, अर्धा तास बसायचं, आणि किती लोक आपल्याकडे बघतात ते वहीत लिहायचं. नुसता आकडा नको, समोर कारणही लिहायचं, आणि कारण 'खुन्नस' लिहायचं असेल तर आधी दुसरी दोन कारणं शोधायची.

पुढच्या आठवड्यात वही घेऊन आला. ४१ जणांनी बघितलं होतं. एका आजींना बस कुठली ते विचारायचं होतं. एकाची नजर त्याच्या मागच्या वडापावच्या गाडीवर होती. एक 'झोपाळलेला'. सहा-सात ठिकाणी नुसतं 'माहीत नाही'. त्याच्या तोंडी हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. आणि शेवटची नोंद वाचताना तो थांबला. "मॅडम, मी मोजत होतो ना, म्हणून मीपण बघत होतो सगळ्यांकडे. एक जण आला आणि म्हणाला, काय रे, बघतो काय? मामा मध्ये पडला." जरा वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "त्याला वाटलं मी खुन्नस देतोय."

त्यानंतर आम्ही त्या नाक फुटलेल्या मुलाबद्दल पहिल्यांदा नीट बोललो.

कोयत्याचंही कळलं. गल्लीतल्या वीस-बावीस वर्षांच्या एका 'भाई'ने पोरांना रील काढायला हत्यार आणायला सांगितलं होतं. बाप आत आहे म्हणून रोहनची तिथे वट होती. घरी 'बापावर गेलाय' हा डाग होता, गल्लीत तोच बिल्ला झाला होता. दोन्हीकडे तो कुणाचा तरी मुलगाच होता, रोहन कुठेच नव्हता. मित्र बघत असताना या वयाची मुलं जास्त धोका पत्करतात हे प्रयोगांत दिसलेलं आहे, पण ते शाळकरी पोर असलेल्या कुठल्याही आईला वेगळं सांगायला नको.

मग मी रोहनच्या आजींना, म्हणजे सविताताईंच्या सासूबाईंना, बोलावलं. ही भेट मला सगळ्यांत अवघड गेली. आजी चिडल्या, मग रडल्या. त्यांचा मुलगाही लहानपणी नवऱ्याच्या माराने मोरीत लपायचा, हे त्यांनी त्या दिवशी सांगितलं. सविताताईंना ते माहीत नव्हतं. "मी तेव्हा मध्ये पडले नाही," आजी म्हणाल्या, "म्हणून आता रक्ताला दोष देते. नाहीतर मला द्यावा लागेल." मी काहीच बोलले नाही. सविताताईंनी उठून त्यांना पाणी दिलं. मार खाल्लेली बहुतेक मुलं मोठेपणी हिंसक गुन्हेगार होत नाहीत, हेही अभ्यासांतून दिसलेलं आहे, आणि मी ते आजींना मुद्दाम सांगितलं. नातवासाठी सांगितलं, त्यांच्यासाठीही.

सगळं सुरळीत झालं असं नाही. दिवाळीच्या सुट्टीत रोहन पुन्हा एका मारामारीत होता. पण त्याने हात उचलला नव्हता, तो पळून आला होता, आणि त्याबद्दल त्याला गल्लीत महिनाभर चिडवत होते. पळून येणं किती जड गेलं ते त्याने माझ्यासमोर रडत सांगितलं. अपमान गिळायला लागणारी ताकद त्या मुलात कुठून आली असेल, मी अजून विचार करते. सकाळी तो मामाच्या गाडीवर बसतो. कोयत्याला हात लावायचा नाही हे आमचं ठरलेलं आहे. तो स्ट्रॉ देतो आणि पैसे घेतो. गिऱ्हाइकाकडे बघून.

तुमच्या घरात असा मुलगा असेल तर हत्यार सापडेपर्यंत थांबू नका. 'खुन्नस' हा शब्द रोज ऐकू येऊ लागला, खोलीतही तो पाठ भिंतीला लावून बसू लागला, नवे मित्र वयाने बरेच मोठे असले, तेवढ्यावर या. कुणाकडे जावं कळत नसेल तर टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

गेल्या महिन्यात कळलं की रोहनचे वडील सुटून येणार आहेत. मी त्याला विचारलं, कसली भीती वाटते? मला वाटलं होतं माराची म्हणेल, किंवा गल्लीतल्या पोरांची.

"स्कूटर विकली ना आईने," तो म्हणाला. "आता ते चालत येणार. कसे आलेत ते मला वर कळणारच नाही."

सध्या आमच्या भेटी यावरच चालल्या आहेत.