थंडीतलं जेवण जड, म्हणून वाईनही जडच?

तुमचा बेत वाचला. आठ माणसं, हिवाळ्यातली रात्र. सुरुवातीला चघळायला खारे बदाम आणि काहीतरी तळलेलं, मग मशरूमचं सूप, लोणी-क्रीमच्या सॉसमधला मासा, लाल वाईनमध्ये चार तास शिजवलेलं मेंढीचं मांस, चीज, आणि शेवटी चॉकलेटचं गरम पुडिंग. या सगळ्यावर एकच वाईन: ओकच्या पिंपात मुरलेली, १५ टक्के अल्कोहोलची दणकट लाल. कारण तुम्हीच दिलंय, "थंडीत अंगात ऊब यायला हवी."

ऊब येईल हो, पण माशापाशी गाडी अडकेल आणि चीज येईपर्यंत निम्मी मंडळी पाणी मागत असतील. पहिल्यांदा मोठं जेवण घातलं तेव्हा मीही नेमकं हेच केलं होतं. पाहुणे चांगले होते, कुणी काही बोललं नाही. पण आवरताना पाहिलं तर ग्लास जवळजवळ भरलेले आणि पाण्याचे दोन्ही जग रिकामे.

चूक कुठे होते ते सांगतो. हिवाळ्याच्या जेवणात लोणी, क्रीम, चरबी, मीठ हे सगळं आधीच भरपूर असतं. जडपणा ताटातच आहे, तो ग्लासात आणखी कशाला? पाच पदार्थ जेवायचे तर दर घोटाला जीभ धुऊन निघाली पाहिजे, आणि ते काम आंबटपणाचं. त्यामुळे वाईन निवडताना रंगाआधी आंबटपणा बघा, मग तुरटपणा, मग गोडी.

पटत नसेल तर आजच करून बघा. कुठल्याही कोवळ्या, तुरट लाल वाईनचा एक घोट घ्या. हिरड्या आवळल्यासारख्या होतील, जास्त उकळलेल्या कोऱ्या चहाने होतात तशा. आता लिंबाच्या फोडीवर मीठ लावून चाटा आणि त्याच ग्लासातला दुसरा घोट घ्या. तीच वाईन एकदम मऊ, गोडसर लागेल. आता जिभेवर साखर ठेवून तिसरा घोट: वाईन कडू आणि रोडावलेली. ताटातलं मीठ आणि आंबटपणा वाईनला सांभाळून घेतात, ताटातलं गोड तिला मारतं. अर्धी जोडाजोड या तीन घोटांत आली.

आता तुमच्या बेताकडे.

खाऱ्या-तळलेल्याबरोबर फेसाळ वाईन, ब्रूट लिहिलेली. ब्रूट म्हणजे लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर. 'एक्स्ट्रा ड्राय' वाचून फसू नका, तिच्यात १२ ते १७ ग्रॅम असते, म्हणजे ती ब्रूटपेक्षा गोड. शॅम्पेनच हवी असा हट्ट नको; बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली कुठलीही चालेल. उघडताना बूच धरून ठेवा आणि बाटली फिरवा. आत सहा वातावरणांइतका दाब असतो, समोर कुणाचा चष्मा नसावा.

सूप हा अवघड पदार्थ. पातळ गरम खाणं आणि वर पातळ गार पिणं, दोन्हीची मजा जाते. शिवाय मशरूमच्या चवीने तुरट वाईन आणखी कडवट लागते, म्हणजे तुमची लाल इथेच पहिली आपटते. माझी पसंती स्पेनमधल्या हेरेथची अमोंतियादो शेरी (शेरी म्हणजे स्पिरिट घालून ताकद वाढवलेली वाईन), कोरडी, म्हणजे गोड नसलेली. आधी यीस्टच्या सायीखाली आणि नंतर हवेच्या संगतीत मुरलेली असते, अक्रोडासारखा वास येतो, मशरूमला जणू तिच्यासाठीच शिजवलंय असं वाटतं. पण ती १७-१८ टक्क्यांची असते, तेव्हा माणशी ५० मिली, बस्स. नको असेल तर फेसाळच पुढे चालू ठेवा, सुपाला वेगळी वाईन लागतेच असं नाही.

माशाशी लाल का बिघडते? पूर्वी सगळं खापर तुरटपणावर फोडायचे. २००९ साली जपानी संशोधकांनी दाखवलं की लाल वाईनमधल्या लोहाचा यात मोठा हात आहे. लोह जितकं जास्त तितकी घोटानंतर वशट चव जास्त. तुमच्या सॉसमध्ये लोणी आणि क्रीम आहे, म्हणून फ्रान्समधल्या बरगंडीची, पिंपात मुरलेली शार्दने ही पांढरी घ्या. तिच्यातल्या सफरचंदासारख्या तिखट आम्लाचं जिवाणूंमुळे दुधातल्या मऊ आम्लात रूपांतर झालेलं असतं आणि त्यातच लोण्याचा वास उतरतो. सॉसमध्ये लिंबू जास्त पिळणार असाल तर शाब्ली, तीही फ्रान्सचीच पांढरी. द्राक्ष तेच, पण अंगाने सडपातळ. मासा कुठला हे मला महत्त्वाचं वाटत नाही. सॉस बघून वाईन ठरवायची.

आता मेंढी. इथे तुमच्या लालला जागा आहे, तरी १५ टक्क्यांची नकोच. चार तास मंद आचेवर मांस शिजलं की त्यातलं कोलॅजन विरघळून जिलेटिन होतं, रस्सा ओठाला चिकटतो, मांस चमच्याने तुटतं. कच्चट भाजलेल्या मांसाला जो दांडगा तुरटपणा लागतो तो याला नको. स्पेनची लाल, रिओहा रिझर्व्हा, छान बसेल: नियमानेच किमान तीन वर्षं मुरलेली, त्यातलं किमान एक वर्ष ओकच्या पिंपात. तुरटपणा निवलेला असतो, आंबटपणा शाबूत. खिसा परवानगी देत असेल तर इटलीची लाल बारोलो; ती किमान ३८ महिने मुरवावी लागते आणि तरीही दात दाखवते, म्हणून जेवणाआधी दोन तास रुंद भांड्यात ओतून ठेवा. फक्त एक करा, रश्श्यात सुके आलुबुखार किंवा मध घालू नका. साखरेचा घोट आठवा.

चीजबरोबर लालच, ही समजूत मला कधीच पटली नाही. बहुतेक चीजना पांढरी जास्त शोभते, तेव्हा माशाची शार्दने थोडी राखून ठेवा. निळ्या बुरशीच्या चीजची गोष्ट वेगळी, तिथे खारटाला गोडच हवं. फ्रान्सच्या रोकफोर चीजला तिथलीच गोड पांढरी सोतेर्न, इंग्लंडच्या स्टिल्टनला पोर्तुगालची गोड पोर्ट, या जोड्या उगाच टिकलेल्या नाहीत.

शेवटी पुडिंग. वाईन पदार्थापेक्षा गोड असलीच पाहिजे, नाहीतर ती आंबट ढाण लागते. सोतेर्न चॉकलेटपुढे हरवते, म्हणून तुम्हाला चीज आणि पुडिंग दोन्हींसाठी एकच बाटली सुचवतो: एलबीव्ही पोर्ट, म्हणजे 'लेट बॉटल्ड व्हिंटेज', उशिरा बाटलीत भरलेली. काढणीनंतर चार ते सहा वर्षांनी बाटलीत भरतात. आंबवण अर्ध्यावर असताना द्राक्षाचं स्पिरिट घालून थांबवतात, म्हणून साखर शिल्लक राहते आणि ताकद २० टक्क्यांच्या आसपास जाते. तुमची ऊब इथे घ्या. शेवटी, छोट्या ग्लासात.

हिशेब: ७५० मिलीच्या बाटलीतून आठ जणांना ९० मिलीच्या वर मिळते, चाखत जेवायला पुरे. फेसाळ एक (सुपालाही तीच चालवणार असाल तर दोन), शार्दने चीजसाठीही राखायची म्हणून दोन, लाल दोन, शेरी आणि पोर्ट एकेक. शेरी-पोर्ट निम्म्या उरतील. गाडी चालवणाऱ्यांना मध्ये घेऊ नका, आणि प्रत्येकासमोर पाण्याचा ग्लास आधीपासून ठेवा.

तापमानावर जरा रेंगाळतो, कारण हिवाळ्यात सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. 'लाल वाईन खोलीच्या तापमानाला' हे घराघरात हीटर येण्याआधीचं वाक्य आहे. ती खोली १६ ते १८ अंशांची असायची. तुमची हीटर लावलेली खोली २३ ची असेल, तिथे लाल वाईन नुसती स्पिरिटसारखी नाकात जाते. वाढण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. शार्दने उलट २० मिनिटं आधी बाहेर काढा, फ्रिजच्या ४ अंशांवर तिचा वास झोपलेला असतो. फेसाळ मात्र गारच, ६ ते ८.

आणि बाहेर गोठवणारी थंडी आहे म्हणून बाल्कनीला फ्रिज समजू नका. मी एकदा पांढऱ्याची बाटली रात्रभर बाहेर विसरलो. वाईन साधारण उणे ६ अंशांच्या आसपास गोठायला लागते. सकाळी बूच बोटभर वर आलेलं आणि आत बर्फाचा रबडा. वितळल्यावर तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले, ते पाहून घरच्यांनी बाटली जवळजवळ फेकलीच होती. ते टार्टरचे, म्हणजे वाईनमधल्याच आम्लापासून बनलेले स्फटिक, निरुपद्रवी. गाळून प्यायलो, चव थोडी फिकी वाटली, एवढंच.

उरलेली शेरी आणि पोर्ट बूच लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा, आठवडाभर सहज टिकतील. लाल उरली तर दोन दिवसांत संपवा, किंवा आधीच कपभर बाजूला काढून मेंढीच्या रश्श्यात घाला. फेसाळ उरणार नाही.