आधी कान तपास

प्रिय,

तुझी लांबलचक ईमेल वाचली. वृद्धांच्या मानसिक आरोग्यात संशोधन करायचं तर नेमकं कुठून धरायचं, असं विचारलं आहेस. घरचे म्हणतात, म्हाताऱ्यांच्या ओपीडीत पैसा नाही आणि बरंही कुणी होत नाही. पैशाचं त्यांचं फारसं चुकलेलं नाही, हे आधीच कबूल करते. दुसऱ्या मुद्द्यावर मात्र त्यांच्याशी वाद घालता येईल एवढा पुरावा आहे.

रक्तचाचणीतून अल्झायमर ओळखणं, मेंदूचा पेट स्कॅन, मेंदूत साठणारं अमायलॉइड नावाचं प्रथिन काढणारी औषधं, याकडे तुझा ओढा दिसतो. विषय चांगलाच आहे, पण तिथे गर्दी आहे आणि ती श्रीमंत प्रयोगशाळांची आहे. आपल्याकडे ओस पडलेला प्रश्न वेगळा आहे. आजारी म्हाताऱ्या माणसाची काळजी घ्यायची कुणी, कशी, आणि तिने फरक पडतो का हे मोजायचं कसं? 'लासी' हे वार्धक्याचं देशव्यापी सर्वेक्षण मुंबईच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेत चालतं. त्याच्या आधारे २०२३ मध्ये आलेला अंदाज असा, की साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे. एवढ्यांना पुरतील इतके मानसोपचारतज्ज्ञ तुझ्या-माझ्या हयातीत तयार होणार नाहीत. काळजी आशाताई घेणार, सून घेणार, फार तर आठवड्यातून एकदा येणारी नर्स घेणार. औषधाची जशी काटेकोर चाचणी घेतो, तशीच या माणसांच्या कामाची घ्यायची. माझ्या मते तुझ्या पुढच्या वीस वर्षांना पुरेल एवढं काम यातच आहे.

हे आधी कुणी केलंय का, तर हो, शेजारी गोव्यात. डॉ. अमित डायस यांचा तिथला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या पिट्सबर्गचे मानसोपचारतज्ज्ञ चार्ल्स रेनॉल्ड्स त्यांच्या बरोबर होते. साठीपुढची १८१ माणसं निवडली होती. त्यांना नैराश्याची लक्षणं होती, पण आजार म्हणण्याइतकी नव्हती. अर्ध्यांकडे साधे प्रशिक्षित समुपदेशक गेले. मानसशास्त्राची पदवी नसलेले हे लोक. अडचणीचे तुकडे करून एकेक कसा सोडवायचा, झोपेची घडी कशी बसवायची, मधुमेह कसा सांभाळायचा, सरकारी योजनेसाठी कुठे जायचं, एवढंच त्यांनी शिकवलं. वर्षभरात पूर्ण नैराश्याचा आजार झाला तो या गटात ९१ पैकी ४ जणांना, नेहमीच्या उपचारांवर असलेल्या गटात ९० पैकी १३ जणांना. घरच्यांना हे आकडे दाखव. तू स्वतः मात्र हुरळून जाऊ नकोस. १८१ माणसांवर राज्याचं धोरण ठरत नाही. म्हणूनच हे काम दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या जिल्ह्यात, निराळ्या लोकांकडून पुन्हा व्हायला हवं. 'पुन्हा केलेला अभ्यास' म्हणून तो लहान ठरत नाही. गाईड नाक मुरडेल, मुरडू दे.

गोव्यातलाच त्याआधीचा, २००८ चा अभ्यास मात्र वरून वाचून सोडू नकोस, त्यातले तक्ते वाच. डिमेन्शियाचे रुग्ण असलेली ८१ कुटुंबं होती. कार्यकर्ते घरी जाऊन काळजी घेणाऱ्यांना आधार देत. सहा महिन्यांनी त्या काळजी घेणाऱ्यांची मनःस्थिती स्पष्ट सुधारली होती. रुग्णाच्या वागण्यात फरक दिसला, पण खात्रीने सांगण्याजोगा नाही. शेवटपर्यंत टिकली ५९ कुटुंबं, आणि मधल्या काळात १८ रुग्ण वारले. हा आकडा नीट बघ. तरुणांच्या नैराश्यावर काम करणाऱ्याला फॉलोअप सुटण्याची भीती असते. आपल्याकडे माणूसच जातो. नमुना किती घ्यायचा हे ठरवताना, विश्लेषणाची पद्धत निवडताना, मृत्यू आधीच धरून चालावं लागतं. सांख्यिकीवाल्याला शेवटी गाठशील तर तो फक्त हळहळ व्यक्त करेल. त्याला पहिल्या बैठकीलाच बसव.

या अभ्यासात मला सगळ्यात मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. फरक पडला तो सुनेला, बायकोला, मुलीला. आपल्या बहुतेक प्रश्नावल्यांत ही बाई 'माहिती देणारी' एवढीच असते. रात्री तीनला सासूबाई दार उघडून निघाल्या तर मागे धावणारी तीच, आणि आपण तिला विचारतो ते सासूबाईंच्या स्मरणशक्तीबद्दल! तुझ्या प्रत्येक अभ्यासात तिची झोप, तिचा रक्तदाब, तिची सुटलेली नोकरी यांना स्वतंत्र रकाना ठेव. आणि तिला वेगळी भेट. सासूबाईंसमोर ती 'सगळं ठीक आहे' असंच सांगणार.

आता मोजमाप. आपल्या विषयातलं निम्मं चुकीचं संशोधन इथेच जन्मतं, असं माझं मत आहे. पाश्चात्त्य देशांतून आलेल्या स्मृतिचाचण्या शाळा शिकलेला माणूस गृहीत धरतात. एक वाक्य लिहा, कागदावरची सूचना वाचून तसं करा, शंभरातून सात वजा करत चला. जिने आयुष्यात पेन्सिल धरली नाही, ती आजी इथेच नापास, मग तिचा मेंदू कितीही तल्लख असो. नव्वदच्या दशकात मानसोपचारतज्ज्ञ मेरी गांगुली आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी हरियाणातल्या बल्लभगढला काम करताना यांतली एक प्रचलित चाचणी मुळापासून बदलली. वाक्य लिहायच्या जागी 'घराबद्दल काहीतरी सांगा' आलं. वाचायच्या जागी 'मी करतो तसं करा' म्हणून डोळे मिटून दाखवणं आलं. मराठीत काम करताना तू हेच करायचंस. बाजारात मिळणारी मराठी प्रत उचलू नकोस. आधी गावातल्या निरोगी, अक्षरशत्रू सत्तरीच्या बायकांवर वापरून बघ. त्यांतल्या निम्म्या नापास झाल्या तर दोष चाचणीचा.

पण त्याच्याही आधी कान तपास. साधी कुजबुज हातभर अंतरावरून ऐकू येते का बघ, मेण असेल तर काढायला पाठव, चष्मा असेल तर डोळ्यांवर आहे ना बघ. प्रश्न ऐकूच आला नाही म्हणून गप्प राहिलेल्या म्हाताऱ्याला शून्य गुण देणारे रेसिडेंट सगळीकडे आहेत. शिवाय लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या अहवालाने डिमेन्शियाचा धोका वाढवणारे जे १४ बदलता येण्याजोगे घटक दिले, त्यांत कमी ऐकू येणं आणि उपचार न झालेली अंधूक नजर ही दोन्ही आहेत. म्हणजे चाचणीची पूर्वतयारी म्हणून जे करशील, तो उपचारही असू शकतो.

दुसरी सवय गोळ्यांच्या पिशवीची. घरी गेलीस की 'कुठली औषधं घेता' असं विचारू नकोस, पिशवीच ओतायला सांग. झोपेची गोळी, खाजेची गोळी, लघवीची गोळी, तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. विसरभोळेपणाची निम्मी गोष्ट कधीकधी तिथेच उलगडते. यातून केवढं संशोधन उभं राहतं, ते पाहायचं तर दिलीप जेस्ते यांचं काम बघ. महाराष्ट्रात शिकलेले, मुंबईत केईएमला मानसोपचार शिकून अमेरिकेत गेलेले, पुढे २०१२ मध्ये तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष झालेले. जुन्या पद्धतीच्या मनोविकारविरोधी औषधांनी तोंडाच्या, जिभेच्या आपोआप होणाऱ्या हालचाली जडतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरुणांत हे प्रमाण वर्षाला पाच टक्क्यांच्या आसपास. १९९५ मध्ये जेस्तेंच्या गटाने ४५ वर्षांवरच्या रुग्णांचा पाठपुरावा करून दाखवलं, की त्यांच्यात पहिल्याच वर्षात २६ टक्क्यांना हा त्रास होतो. यंत्र नवं नव्हतं, औषध नवं नव्हतं. वय वेगळं धरून चिकाटीने मोजलं, इतकंच. पुढे हा माणूस वृद्धापकाळातल्या शहाणपणाच्या अभ्यासाकडे वळला. त्या कामातलं सगळंच मला पटत नाही, पण म्हातारपण म्हणजे निव्वळ ऱ्हास नव्हे, हे विज्ञानाच्या व्यासपीठावर त्यांनी ठासून मांडलं, याचं मला कौतुक आहे.

संमतीबद्दल एथिक्स कमिटी तुला शिकवेलच. माझी एकच पुस्ती. अंगठा घेताना निष्पक्ष साक्षीदार हवा, आणि तो मुलगा नसावा. मुलगा 'हो' म्हणतो तेव्हा आईने मान हलवली का, हे तू स्वतः बघ. डिमेन्शियाच्या माणसालाही आजचा दिवस नकोसा असू शकतो. अशा दिवशी चहा पिऊन परत यायचं.

परदेशी फेलोशिप मिळाली तर जरूर जा, पण परत येण्याआधी वर्षानुवर्षं पाठपुरावा करायचा तो इथल्या लोकांचा समूह ठरवून ठेव. पुण्याजवळ वढूला केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरचं लोकसंख्या-नोंदींचं जुनं काम आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या वार्धक्य-अभ्यासातही ते होतं. अशा चालत्या कामाला जोडून घे. स्वतःची नवी नोंदवही पहिल्या पानापासून सुरू करायची हौस सगळ्यांना असते. ग्रँट तीन वर्षांत संपते आणि म्हातारपण त्याहून हळू चालतं.

ग्रँट मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. तुझ्याच हॉस्पिटलच्या अस्थिरोग वॉर्डात खुब्याचं हाड मोडून आलेले म्हातारे रात्री बरळतात, नळ्या उपटतात, आणि सकाळच्या राउंडला 'वयामुळे' असा शेरा पडतो. कितींना डिलिरियम (आजारपणात अचानक येणारा भ्रम) होतो, कितींचा ओळखला जातो, कुठल्या गोळीनंतर होतो, हे मोजायला एक छापील तक्ता आणि तुझे संध्याकाळचे दोन तास पुरतात. बिनखर्चाचा हा विषय आहे आणि त्यातून उद्याच्या औषधाच्या चिठ्ठ्या बदलतात.

आराखडा लिहिलास की पाठव. दोन पानांहून मोठा नको. कानाची तपासणी, सुनेचा रकाना आणि नमुन्याच्या गणितात धरलेले मृत्यू, या तिन्हींपैकी एकही सुटलं असेल तर लाल पेनाने परत येईल.

तुझी,
मॅडम