नायट्रोत बसावं का? बसा, पण मागे नको

ताई, लेकीच्या हट्टापायी इमॅजिका पार्कला जायचंय, वय बेचाळीस, आकाशपाळण्यातसुद्धा डोळे मिटून घेता, तर तिथल्या नायट्रो नावाच्या रोलर कोस्टरमध्ये बसावं का आणि आमची सगळ्यात जास्त कुठे टरकली होती, असं विचारलंत. बसा की! फक्त मागच्या डब्यात बसू नका. हे मी सातवीत शिकलो.

एस्सेलवर्ल्ड हे मुंबईतलं पार्क १९८९ला सुरू झालं, त्यानंतर चारेक वर्षांनी आमची सहल गेली. बोरिवलीहून गोराई खाडी, तिथून लाँच. डब्यातली पुरी-भाजी बोटीतच फस्त. रोलर कोस्टरला मी मुद्दाम शेवटचा डबा धरला. पुढे बसलं की उतार दिसतो, मागे काही दिसत नाही, म्हणजे भीती कमी, असा माझा हिशोब. साफ चुकला. पुढचा डबा टोकावरून खाली वळतो तेव्हा मागचे अजून चढावर असतात, त्यांच्या ओझ्याने तो जरा रेंगाळतो. शेवटचा टोकाशी पोचेपर्यंत पुढची सगळी गाडी सुटलेली असते आणि ती ह्याला अक्षरशः फरफटत नेते. बूड सीटवरून उचललं गेलं, पुरी-भाजी पार गळ्याशी. जत्रेतल्या कोलंबसचंही, म्हणजे त्या झुलणाऱ्या बोटीचंही तेच. टोकाच्या बाकांना सगळ्यात मोठा झोका, मधल्या बाकावर आजीसुद्धा हसत बसेल.

पण खरी टरकली ती जत्रेतच. आमच्या भागातल्या एका जत्रेत आकाशपाळणा फिरत असताना लाइट गेले आणि आमचा पाळणा नेमका वर. खाली अंधार, भज्यांचा वास, कुणाचं तरी पोर रडतंय. बहिणीने पाळण्याच्या दाराची कडी चाचपली तर कडी नव्हतीच, वाकवलेला खिळा अडकवला होता. मग पाळणेवाल्याची दोन पोरं सळयांवरून माकडासारखी वर चढली, आपल्या वजनाने चाक फिरवलं आणि एकेक पाळणा खाली आणला. त्या खिळ्यावरचा हात मी खाली येईपर्यंत काढला नाही. त्यापुढे नायट्रो म्हणजे काहीच नाही.

म्हणजे, असं मी रांगेत म्हणत होतो. नायट्रोच्या डब्यांना तळच नाही. खांद्यावरून पट्टा खाली येतो, खट्‌ आवाज होतो आणि मग पायाखालची फळी सरकते. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. साधारण ४० मीटरचा चढ, नंतर ताशी १००च्या वर वेग, पाचदा उलटं. जाताना तो लूप, म्हणजे गाडी उलटी करणारा रुळांचा वेढा, बघून ठेवा, गोल नाहीये, थेंबासारखा आहे, वर निमुळता. नुसता गोल केला तर खाली शिरताना अंगावर फार भार येतो, म्हणून हल्ली असेच बांधतात.

तर मधली रांग धरा, डोके मागे टेकवून ठेवा आणि डोळे उघडे. मिटले की वळण कधी येणार ते कळत नाही, मळमळ उलट वाढते. किंचाळायला लाजू नका, श्वास कोंडून बसण्यापेक्षा बरं. बीपीचा, पाठीचा त्रास असेल तर मात्र खालीच थांबा, लेकीचे फोटो काढा. वडापाव नंतर.

लेक म्हणेल मागेच बसू. पहिल्या फेरीला ऐकू नका तिचं. दुसऱ्या फेरीला तुम्हीच मागे पळाल. आणि चष्मा लॉकरमध्ये ठेवा, शर्टाच्या खिशात नको. मी नवा केला त्याला आता तीन वर्षं झाली.