चर्चला ‘गाभारा’ असतो का?

प्रश्न असा आला आहे: नेदरलँड्समधल्या हार्लेम शहरातल्या संत बाव्हो चर्चचं, डच चित्रकार पीटर सानरेडामनं 1648 साली रंगवलेलं चित्र एडिंबराच्या संग्रहालयात आहे. त्याची मराठी ओळख लिहिताना ‘चर्चच्या गाभाऱ्याचं तैलचित्र’ म्हटलं तर चालेल का? शिवाय चित्र लाकडी फळीवर आहे, मग ते ‘तैलचित्र’ ठरतं का?

दुसऱ्या शंकेचं उत्तर सोपं. रंगाची पूड तेलात, बहुधा जवसाच्या, घोटलेली असली की ते तैलचित्र. खाली कापड असो, लाकूड असो की तांब्याचा पत्रा.

‘गाभारा’ मात्र इथे नको, असं मला ठामपणे वाटतं. हा शब्द संस्कृत ‘गर्भागार’वरून आला. त्यात गर्भ आहे, म्हणजे बंदिस्तपणा आणि अंधार आहे, आणि मुख्य म्हणजे आत मूर्ती आहे. पंढरपूरला पायांवर डोकं ठेवायला आत जाता येतं, पण तिथेही भजन-कीर्तनाला माणसं बसतात ती बाहेरच्या मंडपात. सानरेडामच्या चित्रात याच्या अगदी उलट आहे. पांढऱ्या भिंती, प्रचंड गोल खांब, सगळीकडे पसरलेला उजेड आणि खाली अगदी लहान दिसणारी माणसं. हा पांढरेपणा योगायोगानं आलेला नाही. 1578 साली हे चर्च कॅथलिकांकडून प्रोटेस्टंटांकडे गेलं. वेद्या आणि मूर्ती गेल्या, उपासनेचा भर प्रवचनावर आला. जिथून मूर्ती मुद्दाम हलवल्या, त्या जागेला गाभारा म्हटलं तर चित्राचा इतिहासच पुसला जातो.

मग काय म्हणावं? नुसत्या आतल्या दृश्याला ‘अंतर्भाग’ पुरेसा आहे. खांबांच्या दोन रांगांमधल्या लांबट मधल्या जागेला, जिला इंग्रजीत ‘नेव्ह’ म्हणतात, ‘सभामंडप’ मला सर्वांत जवळचा वाटतो. खांब आहेत, लोक जमतात, आणि ‘सभा’ हा शब्द प्रार्थनेला जमलेल्या मंडळींनाही शोभतो. डच भाषेत या जागेला चक्क ‘जहाज’ म्हणतात आणि ‘नेव्ह’चं मूळही लॅटिनमधल्या जहाजवाचक शब्दातच आहे. त्याच कुळातली आपली ‘नाव’ वापरायचा मोह होतो. पण मराठी वाचकाला त्यातून चर्च दिसणार नाही, होडीच दिसेल.

वेदीचा विषय निघालाच आहे म्हणून: मराठी बायबलमध्ये आणि मराठी ख्रिस्ती उपासनेत ‘वेदी’ रुळलेला आहे, गोव्यात कोकणीत पोर्तुगीजांकडून आलेला ‘आल्तार’ चालतो. गोव्यातल्या एखाद्या चर्चचं चित्र असेल, सोनेरी नक्षीची भव्य वेदी समोर असेल, तर हे शब्द जरूर वापरावेत. तिथेही ‘गाभारा’ नको, कारण ती वेदी जमलेल्या सगळ्यांना समोर दिसावी म्हणूनच तिथे मांडलेली असते.

सानरेडाम आधी इमारतीत बसून मोजमापं घेऊन रेखाटनं करायचा आणि चित्र कधी कधी कित्येक वर्षांनी रंगवायचा. 1665 साली त्याचं दफनही याच चर्चमध्ये झालं. एवढ्या काटेकोर माणसाच्या चित्राखाली शब्दही काटेकोर हवा. मी अशी ओळ लिहीन: ‘संत बाव्हो चर्चचा अंतर्भाग, हार्लेम. लाकडी फळीवर तैलरंग, 1648.’