पोटातले बाळ वारस असेल, तर व्यक्ती का नाही?

प्रश्न : माझ्या धाकट्या दिरांचे नुकतेच निधन झाले. धाकटी जाऊ पाच महिन्यांची गरोदर आहे. मुळशीतील दिरांच्या नावावरच्या जमिनीची वारसनोंद करताना वकिलांनी पोटातल्या बाळाचाही विचार करायला सांगितले. वारसा हक्कात माणूस ठरणारा गर्भ गर्भपाताच्या कायद्यात माणूस ठरत नाही, हे कसे? सासूबाईंच्या मते तर जीव पहिल्या दिवसापासूनच असतो.
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : वकिलांचे म्हणणे बरोबर आहे, पण त्यामुळे गर्भ कायद्याने व्यक्ती ठरत नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम २० प्रमाणे वडिलांच्या मृत्यूच्या वेळी गर्भात असलेले मूल पुढे जिवंत जन्मले, तरच त्याला वारसा मिळतो. मग तो मृत्यूच्या दिवसापासूनच मिळाला असे धरतात. फौजदारी कायद्यातही हीच रेघ दिसते. आईच्या उदरातील गर्भाचा मृत्यू घडवणे हा मनुष्यवध नव्हे, तो वेगळा गुन्हा आहे. परंतु प्रसूतीच्या वेळी बालकाचा एखादा अवयव जरी बाहेर आला असेल, तरी त्याने श्वास घेतलेला नसतानाही तो मनुष्यवध ठरू शकतो.

सासूबाईंच्या म्हणण्याला चरकसंहितेचा आधार आहे, कारण शुक्र (पुरुषबीज), शोणित (स्त्रीबीज) आणि जीव यांचा कुक्षीत, म्हणजे गर्भाशयात, संयोग होताच तिथे त्याला गर्भ म्हटले आहे. गर्भोपनिषद मात्र सातव्या महिन्यात जीवाचा संयोग सांगते. आपल्या परंपरेतच असे एकमत नाही, आणि सोनोग्राफीनेही ते होणार नाही. हृदयाचे ठोके केव्हा सुरू होतात हे यंत्र दाखवील, त्या ठोक्यांपुढे आपले कर्तव्य काय, हे आपल्यालाच ठरवावे लागते.

गर्भपाताच्या विरोधातला सर्वांत सबळ युक्तिवाद मला डॉन मार्क्विस या अमेरिकी तत्त्वज्ञांचा वाटतो. १९८९ मध्ये त्यांनी मांडले की, मारणे वाईट ठरते ते पुढचे सारे आयुष्य हिरावले जाते म्हणून, आणि तसे आयुष्य गर्भापुढेही असते. हे सहज झटकून टाकता येत नाही. तरीही गर्भ वाढतो तो एका बाईच्या देहात, तिच्या रक्तावर आणि तिच्या जिवाच्या जोखमीवर. तिला वगळून केलेला कोणताही विचार मला अपुराच वाटतो. गर्भाचे नैतिक मोल दिवसागणिक वाढत जाते, असे माझे मत आहे. आपला १९७१ चा गर्भपाताचा कायदाही, २०२१ च्या दुरुस्तीनंतर, साधारण याच वाटेने जातो: २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचे मत, ठरावीक स्त्रियांसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोघांचे, आणि त्यापुढे गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाचा निर्णय, आईचा जीव वाचवण्यासाठी मात्र कोणतीही मुदत नाही.

याच पुण्यात १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवेने तिथे गुप्तपणे बाळंत व्हावे आणि मूल सोबत न्यावे की तिथेच ठेवावे, हे तिनेच ठरवावे, अशी सोय त्यांनी केली. बाळाचा जीव वाचवायचा तर आधी आईला आसरा द्यावा लागतो, हे त्यांनी कृतीने दाखवले.

तुमच्या घरातही पोटातल्या वारसाची चर्चा होताना जाऊबाई मागे पडू नयेत. मृत्युपत्र नसेल, तर त्या पत्नी या नात्याने पहिल्या वर्गातील, म्हणजे सर्वांत आधी हक्क मिळणाऱ्या, वारस आहेत, सासूबाईही आहेत. बाळाचा हिस्सा जन्मानंतर पक्का होईल. जाऊबाईंचा हक्क बाळावर अवलंबून नाही. तेव्हा तलाठ्याकडे अर्ज देताना त्यांचे नाव आताच घाला आणि बाळाच्या हक्काचा उल्लेख वकिलांकडून अर्जात करून घ्या.