पाथ, फोल्डर आणि सेटिंगची जागा : वाचकांची प्रश्नोत्तरे

विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर एकच प्रोग्राम चालवू पाहणाऱ्या वाचकांची तक्रार बहुधा एकच असते: फाइल जागेवर आहे, पण प्रोग्रामला ती सापडत नाही. अशांपैकी पाच पत्रे या वेळी घेतली आहेत. पाथ (म्हणजे फाइलचा पत्ता) आणि आज्ञा येथे देवनागरीत छापल्या आहेत. संगणकावर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टंकाव्यात.

प्रश्न : पगारपत्रकासाठी मी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिला आहे. विंडोजवर तो 'डी:\पगार\यादी.सीएसव्ही' ही फाइल बिनतक्रार उघडतो, पण 'डी:\न्यू\टॅक्स.सीएसव्ही' असा पाथ दिला की अडतो. दोन्ही फाइली मला एक्सप्लोररमध्ये दिसतात. मग फरक कशाचा? (नाशिक)

उत्तर : फरक फोल्डरच्या पहिल्या अक्षराचा आहे. पायथनमध्ये, आणि सी भाषेची परंपरा मानणाऱ्या बहुतेक भाषांत, स्ट्रिंगमधला, म्हणजे अवतरणात लिहिलेल्या मजकुरातला, बॅकस्लॅश हा पुढच्या अक्षराला विशेष अर्थ देतो. 'न्यू'चे पहिले रोमन अक्षर एन असल्याने तेथे नव्या ओळीचे चिन्ह तयार झाले, आणि 'टॅक्स'मधल्या टी मुळे टॅब. म्हणजे प्रोग्रामने जी फाइल मागितली तिच्या नावात ओळ मोडलेली होती. 'पगार'चा पी आणि 'यादी'चा वाय यांना असा काही विशेष अर्थ नसल्यामुळे ते निभावून गेले, तेही केवळ नशिबाने, पायथन ३.१२ पासून अशा ओळीवर इशाराही छापून येतो. उद्या तुम्ही 'सी:\यूजर्स' असे लिहिलेत, तर कॅपिटल यू पुढे युनिकोडचे आठ अंक असतील अशी पायथन ३ ची अपेक्षा असते, आणि ते न सापडल्याने प्रोग्राम सुरूच होणार नाही.

हा घोटाळा एका जुन्या अडचणीतून आला आहे. १९८१ सालच्या डॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये, फोल्डरात फोल्डर ही सोयच नव्हती, आणि फॉरवर्ड स्लॅश हे चिन्ह आज्ञेचे पर्याय देण्यासाठी वापरले जात होते. १९८३ मध्ये डॉस २.० ने डिरेक्टऱ्या आणल्या, तेव्हा युनिक्ससारखा फॉरवर्ड स्लॅश घ्यावा तर ती जागा आधीच भरलेली, म्हणून बॅकस्लॅश घेतला गेला. युनिक्सबरोबर वाढलेल्या सी भाषेने मात्र बॅकस्लॅशला वेगळेच काम दिलेले होते. तुमच्या त्या एका ओळीत ही दोन घराणी समोरासमोर आली. (जपानी विंडोजवर याच चिन्हाच्या जागी येनचे चिन्ह दिसते आणि तेथील लोक पाथमध्ये येन वाचायला सरावलेले आहेत, हे ऐकून कदाचित थोडा दिलासा मिळेल.)

उपाय सोपा आहे. विंडोजची बहुतेक फंक्शन्स फॉरवर्ड स्लॅश निमूटपणे स्वीकारतात, त्यामुळे 'डी:/न्यू/टॅक्स.सीएसव्ही' चालेल. न चालण्याचे ठिकाण म्हणजे जुना कमांड प्रॉम्प्ट: तेथे 'डीआयआर सी:/विंडोज' असे लिहिले, तर 'विंडोज' हा कोणता पर्याय असे तो उलट विचारतो. त्याहून बरे म्हणजे २०१४ साली पायथन ३.४ बरोबर आलेले पाथलिब वापरावे आणि पाथ तुकड्यातुकड्यांनी जोडावा. चिन्हाची काळजी ते वाहते. जोडताना एक सावधगिरी बाळगा. दुसरा तुकडा जर स्वतःच मुळापासून सुरू होणारा पाथ असेल, तर पहिला तुकडा सरळ टाकून दिला जातो. फाइलचे नाव बाहेरच्या माणसाकडून येत असेल, तर जोडून झालेला पाथ आपल्या ठरलेल्या फोल्डरच्या आतच आहे ना, हे तपासल्याशिवाय फाइल उघडू नये.

प्रश्न : आमचा हिशेबाचा प्रोग्राम जुना, ३२ बिटी आहे. सेटिंगची फाइल आम्ही प्रोग्रामच्या शेजारीच ठेवतो. एका ग्राहकाकडे बदललेली सेटिंग त्याच्या लॉगिनमध्ये टिकते, पण त्याच संगणकावर त्याच्या मुलाच्या लॉगिनमध्ये दिसत नाही. आणि प्रोग्रामच्या फोल्डरात पाहावे, तर फाइलमध्ये काहीच बदललेले नसते. आता हाच प्रोग्राम मॅक आणि लिनक्सवर नेण्याचा विचार आहे. सेटिंग नेमकी कुठे ठेवावी? (इचलकरंजी)

उत्तर : आधी ग्राहकाकडच्या भुताचा बंदोबस्त करू. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये साध्या यूजरला लिहिता येत नाही. पण जुने प्रोग्राम कोलमडू नयेत म्हणून, ज्यांनी आपल्याला कोणते अधिकार हवेत हे जाहीर केलेले नाही अशा ३२ बिटी प्रोग्रामांचे लिखाण विंडोज गुपचूप त्या-त्या यूजरच्या 'अ‍ॅपडेटा\लोकल\व्हर्च्युअलस्टोअर' या फोल्डरात वळवते आणि वाचतानाही तीच प्रत पुढे करते. बापाची प्रत वेगळी, मुलाची वेगळी आणि मूळ फाइल कोरीच. तेथे जाऊन पाहा, फाइल सापडेल. हाच प्रोग्राम ६४ बिटी करून दिलात, तर ही मेहेरबानी बंद होईल आणि सरळ परवानगी नाकारली जाईल.

आता जागेचा प्रश्न. 'सेटिंग' या एका शब्दाखाली आपण चार वेगळ्या गोष्टी कोंबतो: यूजरने केलेली निवड, त्याने निर्माण केलेला मजकूर, पुसला तरी पुन्हा तयार होईल असा कॅशे, आणि खिडकी शेवटी कुठे उघडी होती यासारखी बारीकसारीक नोंद. बॅकअप घेताना पहिल्या दोन हव्या असतात, तिसरी नको असते, चौथी गेली तरी कोणी रडत नाही. म्हणून त्यांची घरेही निराळी हवीत.

लिनक्सवर हे काम एक्सडीजी बेस डिरेक्टरी या नावाच्या संकेताने केले आहे. निवडी '~/.कॉन्फिग'मध्ये ('~' म्हणजे यूजरची घरची डिरेक्टरी), मजकूर '~/.लोकल/शेअर'मध्ये, कॅशे '~/.कॅशे'मध्ये आणि नोंदी '~/.लोकल/स्टेट'मध्ये जातात, यांतली शेवटची जागा २०२१ साली संकेतात आली. हे मात्र फक्त न सांगता धरायचे पत्ते आहेत. यूजरने 'एक्सडीजी_कॉन्फिग_होम' या चलात दुसरी जागा दिली असेल, तर तीच मानायची. आणि तिथे अर्धवट, म्हणजे मुळापासून न सुरू होणारा पाथ असेल, तर संकेतानुसार त्याकडे दुर्लक्ष करायचे. हा शेवटचा नियम बरेच प्रोग्राम पाळत नाहीत, आणि मग चालू फोल्डरात कुठेतरी भलतीच डिरेक्टरी उगवते.

या संकेताआधी प्रत्येक प्रोग्राम घरच्या डिरेक्टरीतच टिंबाने सुरू होणारी आपली फाइल टाकत असे. टिंबाची फाइल 'एलएस'ला, म्हणजे फाइलींची यादी दाखवणाऱ्या आज्ञेला, दिसत नाही, ही युनिक्सची फार विचार करून ठरवलेली सोय आहे असा अनेकांचा समज असतो. बेल लॅब्जमध्ये युनिक्सवर काम केलेले रॉब पाइक यांनी सांगितलेली हकीगत निराळी आहे: '.' आणि '..' या दोन नोंदी यादीत येऊ नयेत म्हणून कोणीतरी फक्त पहिले अक्षर टिंब आहे का एवढेच तपासले, आणि त्या आळसातून लपलेल्या फाइलींची प्रथा जन्माला आली. ती मोडायची कशी, याचा चांगला नमुना गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामने घालून दिला आहे. तो जुनी '~/.गिटकॉन्फिग' आणि नव्या जागेतली फाइल या दोन्ही वाचतो. दोन्हींत तीच सेटिंग असेल, तर जुनीचा शब्द अखेरचा. तुमच्या जुन्या ग्राहकांसाठी तुम्हीही दोन्ही जागा मानाव्यात, क्रम मात्र उलटा ठेवावा: आधी नव्या जागी पाहावे, नसेल तर जुन्या जागेवरून वाचावे, आणि लिहिताना मात्र नव्या जागीच लिहावे.

विंडोजवर निवडींसाठी 'अ‍ॅपडेटा\रोमिंग' आणि कॅशेसाठी 'अ‍ॅपडेटा\लोकल' ही जोडी आहे. रोमिंग हे फोल्डर मोठ्या कार्यालयांच्या नेटवर्कवर यूजरच्या मागोमाग दुसऱ्या संगणकावर जावे म्हणून केलेले आहे; त्यात शेकडो एमबीचा कॅशे टाकलात, तर त्या कार्यालयातल्या माणसाचे सकाळचे लॉगिन रखडेल आणि शिव्या तुम्हाला बसतील. सगळ्या यूजरांची सामाईक सेटिंग हवी असेल, तर ती 'प्रोग्रामडेटा'त ठेवावी. लिनक्सवर तिची जागा '/ईटीसी'. मॅकवर खिडक्यांच्या प्रोग्रामाने '~/लायब्ररी/अ‍ॅप्लिकेशन सपोर्ट' वापरावे. शेजारचे 'प्रेफरन्सेस' हे फोल्डर मॅकच्या स्वतःच्या यंत्रणेचे आहे, त्यात आपल्या हाताने फाइली लिहू नयेत. टर्मिनलमध्ये चालणाऱ्या साधनांनी मॅकवर कोणती जागा घ्यावी याबद्दल दोन तट आहेत. माझे मत '.कॉन्फिग'च्या बाजूने आहे, कारण टर्मिनल वापरणारा माणूस प्रथम तिथेच शोधतो, आणि लायब्ररी फोल्डर २०११ पासून फाइंडरमध्ये लपवलेलेच असते.

यांतला एकही पाथ कोडमध्ये अक्षरशः लिहू नका. विंडोजला 'डॉक्युमेंट्स' कुठे आहे असे विचारावे लागते, कारण वनड्राइव्हचा बॅकअप चालू असेल, तर ते फोल्डर घरच्या डिरेक्टरीतून उठून वनड्राइव्हच्या पोटात गेलेले असते. पायथनमध्ये प्लॅटफॉर्मडर्स हे पॅकेज ही चौकशी करते. गो भाषेत २०१९ पासून त्यासाठी तयार फंक्शन आहे.

प्रश्न : माझ्या प्रोग्रामने चालू डिरेक्टरीत '~' या नावाचे फोल्डर तयार केले आहे. ते पुसून टाकू का? (ठाणे)

उत्तर : पुसा, पण 'आरएम -आर ~' ही आज्ञा चुकूनही देऊ नका. शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये तुमच्या आज्ञा वाचणारा प्रोग्राम, त्या '~'चा अर्थ तुमची घरची डिरेक्टरी असा करील आणि ती संपूर्ण पुसायला घेईल. 'आरएम -आर ./~' असे लिहा. पुढे टिंब आणि स्लॅश आल्यामुळे शेल त्या चिन्हाला हात लावत नाही. त्याआधी 'एलएस ./~' करून आत काय आहे ते पाहून घ्या, कारण तुमची सेटिंग तिथेच जाऊन बसलेली असण्याचा संभव आहे.

'~' म्हणजे घर, हे ज्ञान फक्त शेलला आहे. ऑपरेटिंग सिस्टीमच्या लेखी ते एक साधे अक्षर आहे. प्रोग्रामने कॉन्फिग फाइलमधून '~/.कॉन्फिग' असा मजकूर वाचला आणि तो तसाच पुढे दिला, की हे फोल्डर जन्मते. पायथनमधले 'एक्सपांडयूजर' यासाठीच आहे.

प्रश्न : आमच्या संस्थेने जुनी कागदपत्रे स्कॅन करून फाइलींना देवनागरी नावे दिली. काही काम मॅकवर झाले, काही विंडोजवर. सर्व फाइली लिनक्स सर्व्हरवर एकत्र केल्यावर 'कऱ्हाड' या एकाच नावाची तीन फोल्डरे दिसू लागली. शिवाय लांब नावांच्या काही फाइली सर्व्हरने घेतल्याच नाहीत. नावे रोमन करावीत का? (सातारा)

उत्तर : तुमच्या पत्रातले तीन 'कऱ्हाड' मी डोळ्यांनी वेगळे करू शकलो नाही, आणि कोणालाच ते जमणार नाही. आपले ते अर्धे ऱ युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी लिहिले जाते. पहिल्या तऱ्हेत ऱ हे एकच चिन्ह आणि त्यापुढे हलन्त. दुसरीत साधा र, मग नुक्ता, मग हलन्त. तिसरीत साधा र, हलन्त आणि त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारे चिन्ह. जुन्या कीबोर्डांवर अनेकांनी वर्षानुवर्षे हेच वापरले. लिनक्स नावातले बाइट पाहते, अक्षरे पाहत नाही. म्हणून तीन नावे, तीन फोल्डरे. यांत मॅकचा वाटा असा की तेथील जुनी एचएफएस प्लस ही फाइलप्रणाली नावे सुटी करून ठेवत असे, म्हणजे पहिल्या तऱ्हेचे नाव दिले तरी दुसऱ्या तऱ्हेने साठवत असे. २०१७ मध्ये आलेली एपीएफएस दिलेले नाव तसेच ठेवते आणि पहिल्या दोन तऱ्हा एकच मानते, त्यामुळे मॅकवर बसलेल्या माणसाला या दोहोंतला घोटाळा दिसतही नाही.

पहिल्या दोन तऱ्हा युनिकोडच्या एनएफसी या प्रमाणीकरणाने एक होतात. तिसरी होत नाही. तिच्यासाठी स्वतःचा नियम लिहावा लागेल: र, हलन्त आणि जॉइनर असा क्रम दिसला, तर त्याजागी ऱ आणि हलन्त. जॉइनर सरसकट काढून टाकू नका, इतर अक्षरांपुढे त्याला अर्थ असू शकतो. आणि नावे बदलण्याआधी तिन्ही फोल्डरांतल्या फाइलींचे चेकसम (मजकुरावरून काढलेली, ओळख पटवणारी संख्या) ताडून पाहा; सारख्या नावाच्या दोन फाइलींत दोन वेगळे दस्तऐवज असतील, तर नाव एक होताच त्यांतला एक दुसऱ्याखाली गाडला जाईल.

लांबीचे गणित निराळे आहे. लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये एका नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते आणि यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. 'महाराष्ट्र' या शब्दात उच्चारायला चार अक्षरे, पण साठवायला काने आणि हलन्त धरून १० चिन्हे, म्हणजे ३० बाइट. एकूण ८५ चिन्हांवर नाव संपते. विंडोजचे एनटीएफएस बाइट न मोजता यूटीएफ-१६ चे एकक मोजते आणि २५५ पर्यंत मुभा देते. म्हणून तिथे सहज मावलेले १०० चिन्हांचे नाव सर्व्हरने नाकारले. उलट विंडोजवर अख्ख्या पाथला २६० ची जुनी मर्यादा आहे. विंडोज १० च्या २०१६ मधल्या आवृत्तीपासून ती उठवता येते, पण सिस्टीमची सेटिंग आणि प्रोग्राम दोघांचीही तयारी लागते.

नावे रोमन करा, असे मी म्हणणार नाही. मराठी दस्तऐवजाला मराठी नाव हवे. मात्र प्रत्येक नावाच्या आरंभी अनुक्रमांक द्यावा आणि नाव ६० चिन्हांच्या आत ठेवावे. एखाद्या जुन्या विंडोज प्रोग्रामात ही नावे '????' अशी दिसली, तर फाइल बिघडली असे समजू नका. देवनागरीसाठी विंडोजमध्ये जुन्या पद्धतीचे एएनएसआय कोडपेज (अक्षरे आणि त्यांचे क्रमांक यांचा तक्ता) कधी नव्हतेच, त्यामुळे त्या पद्धतीने नाव मागणाऱ्या प्रोग्रामाला प्रश्नचिन्हेच मिळतात. आणि प्रश्नचिन्ह विंडोजवर फाइलच्या नावात चालत नसल्याने तो ती फाइल उघडूही शकत नाही. अशा प्रोग्रामासाठी अनुक्रमांकाच्या नावाची प्रत काढून देणे हाच मार्ग.

प्रश्न : माझ्या मॅकवर नीट दिसणारे संकेतस्थळ लिनक्स सर्व्हरवर चढवले की अर्धी चित्रे गायब होतात. दुसरे असे की सहकाऱ्याला त्याच्या विंडोजवर आमच्या गिटमधले 'ऑक्स' हे फोल्डर उतरवताच येत नाही. (मडगाव)

उत्तर : चित्रांच्या बाबतीत बहुधा कोडमध्ये 'लोगो.पीएनजी' स्मॉल एल ने आणि फाइलवर कॅपिटल एल ने लिहिलेले असेल. मॅक आणि विंडोज सहसा हा भेद मानत नाहीत, लिनक्स मानते. 'ऑक्स'चे दुखणे डॉसकाळातले आहे: कॉन, पीआरएन, ऑक्स, एनयूएल, तसेच कॉम१ ते ९ आणि एलपीटी१ ते ९ ही नावे उपकरणांसाठी राखून ठेवलेली आहेत, आणि पुढे एक्स्टेन्शन लावूनही त्यांतून सुटका होईलच असे नाही. फोल्डरचे नाव बदला, एवढाच इलाज.

चित्राचे नाव दुरुस्त करताना फाइंडरमध्ये नुसते कॅपिटलचे स्मॉल केलेत, तर मॅकवरच्या गिटला तो बदल बहुधा कळणार नाही. 'गिट एमव्ही'ने आधी 'लोगो-तात्पुरता.पीएनजी' असे नाव द्या, मग त्याच आज्ञेने हवे ते नाव द्या, आणि त्यानंतरच कमिट करा.